प्रफुल्ल वानखडे, शुद्धीवर

प्रफुल्ल वानखडे दारू प्यायचा तेव्हा मला त्याचा राग यायचा. किळस यायला लागली ती त्याची दारू सुटल्यावर. असं म्हटलं की लोक माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघतात. बघू देत. भिंतीला भिंत लावून दहा वर्षं मी राहिले त्याच्या शेजारी, ते नाही राहिले.

आमची सोसायटी धायरीत. कसबा पेठेतली दोन खोल्यांची जागा सोडून मी आणि आमचे हे इथे आलो तेव्हा खिडकीतून ज्वारी दिसायची. मग ज्वारी गेली, हे गेले, आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये वानखडे आले. अकोल्याकडची माणसं. तो हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत, बायको रजनी सिंहगड रस्त्यावरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायला, आणि मुलगी समीक्षा तेव्हा तिसरीत. सामान चढत होतं तेव्हा मी स्वतः जाऊन चहाचं विचारलं. हो, पुण्यातसुद्धा विचारतात. त्यांनी घेतलासुद्धा, आणि वर साखर मागितली.

माणूस उंच, जरा पोक काढून चालणारा, बोलायला गोड. "अवो काकू, काही आणायचं असलं तं सांगत जा," म्हणायचा. आणायचाही. मला वाटलं, चांगला शेजार मिळाला. चांगला शेजार साधारण पावसाळ्यापर्यंत टिकला.

एका संध्याकाळी मी देवाजवळ दिवा लावत होते, दार नुसतं लोटलेलं होतं. हा आत आला, बुटांसकट माझ्या दिवाणावर आडवा झाला आणि म्हणाला, "रजने, जेवाले वाढ." मी म्हटलं, "अहो वानखडे, हे तुमचं घर नाही." तर डोळे न उघडता म्हणतो कसा, "मंग माह्यं घर कोणतं हाय?" आणि घोरायला लागला. रजनी येऊन त्याला ओढत घेऊन गेली. तिच्या तोंडावर जे होतं ते बघून मी दार लावून घेतलं. दिवाणाची चादर मात्र मी दोनदा धुतली, आणि तरी वास गेला नाही म्हणून शेवटी फरशी पुसायला घेतली.

त्यानंतरची दोनेक वर्षं काय सांगायची! लिफ्टमध्ये ओकला, माझ्या दारातल्या तुळशीत ओकला. भिंतीपलीकडे भांडी पडायची, मग एकदम काही ऐकू यायचं नाही, आणि ते काही ऐकू न येणं भांड्यांपेक्षा वाईट असायचं. सकाळी रजनी इस्त्रीची ओढणी घेऊन लॅबला निघायची. मी विचारायचे, "बरं आहे ना गं?" ती म्हणायची, "हो काकू, पाणी आलंय का तुमच्याकडे?" झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ कशाची आहे हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं, पण तिने ती झाकून धरली होती, आणि आम्हीही बघितलं नाही असं दाखवत होतो. शेजारधर्म म्हणजे तरी दुसरं काय असतं?

एक सकाळ मात्र सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. मी दूध घेऊन फाटकातून आत येत होते. फाटकाच्या आत, जिथे सोसायटीच्या नावाची पाटी आहे, तिथे प्रफुल्ल पडलेला. एक बूट पायात, एक कुठे कोण जाणे. तोंडावर माश्या. रखवालदार मागे पाण्याचा पंप लावायला गेलेला. तेवढ्यात शाळेची रिक्षा आली, पोरांनी खच्चून भरलेली, आणि जिन्यावरून समीक्षा खाली आली. पाचवीत होती. दोन वेण्या, पाण्याची बाटली गळ्यात. रिक्षातल्या एका पोरीने बोट दाखवून विचारलं, "ए, कोण गं तो?"

समीक्षा त्याच्या शेजारून गेली. पाय जरा उचलून टाकला तिने, चिखल असला की टाकतो तसा. आणि म्हणाली, "माहीत नाही. मी नाही ओळखत."

रिक्षात बसताना तिने मला पाहिलं. मी तिला पाहिलं. मी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि वर निघून गेले. कोणाला बोलले नाही. रजनीला नाही, देवालाही नाही.

त्याच महिन्यात कधीतरी प्रफुल्लला कुठल्याशा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. परत आला तो हडकलेला, डोळे धुतल्यासारखे, हातात माझ्यासाठी एक तुळशीचं रोप. मी म्हणाले, "देवा, सुटली बाबा एकदाची!" खरोखर आनंद झाला मला. रोप लावलं. तेव्हा मला काय माहीत, की दारू सुटली तशी लाजही सुटली म्हणून!

सुरुवात माझ्या नणंदेने केली. ती साताऱ्याला असते आणि मोबाइलवर जे येईल ते सगळ्यांना पाठवते. तिने एक व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "हे तुमच्या शेजारचे ना?" उघडला तर प्रफुल्ल. मागे त्यांच्या बेडरूमचा पडदा, तोंडावर पांढराशुभ्र उजेड. खाकरला आणि म्हणाला, "मित्रांनो, मी प्रफुल्ल. मी एक बेवडा आहे. आज मी शुद्धीवर आहे." आणि मग त्याने त्या दिवाणाची गोष्ट सांगितली. माझ्या दिवाणाची! "शेजारी एक म्हाताऱ्या काकू राहतात," असं म्हणाला. म्हाताऱ्या! तेव्हा मी साठीसुद्धा ओलांडली नव्हती.

चॅनेलचं नावच "शुद्धीवर". दर शुक्रवारी नवा व्हिडिओ, आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "लाज सोडा, बाटली आपोआप सुटेल." कसबा पेठेत लाज सोडलेले पुष्कळ पाहिलेत मी. बाटली एकाची सुटली नव्हती. पण इथे लोक हजारोंनी बघत होते, खाली हात जोडलेली चित्रं टाकत होते, आणि हा फुगत होता.

त्याच्या बेडरूमची आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी एकाच डक्टमध्ये उघडते. त्यामुळे जे जग शुक्रवारी बघायचं ते मी आधीच ऐकलेलं असायचं, तेही कच्चं. आवाज भरून यायचा, हुंदका यायचा, "माझ्या बायकोने त्या दिवशी..." इथपर्यंत यायचा आणि मग एकदम सरळ आवाजात, "एक मिनिट, परत घेतो." खाकरायचा. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा त्याच शब्दावर हुंदका. एकदा माझी फोडणी करपेपर्यंत त्याचं रडणं जमेना. शेवटी मी खिडकीतून ओरडले, "अहो वानखडे, आधीचं बरं होतं! तेच ठेवा!" तर म्हणतो, "खरंच काकू? थँक्यू हं!" आता याला काय म्हणावं?

एक खोड तर त्याला कायमची जडली. दोन शब्द बोलायचे म्हटलं की आधी उजेड शोधायचा. दारात दुधाचे सुटे पैसे द्यायला आला तरी मान वाकडी करून जिन्याच्या खिडकीकडे तोंड करायचा, आणि मग बोलायचा. "काकू, उद्या पाणी नाहीये," हे सांगतानाही आवाज भरून यायचा त्याचा.

दुसरी खोड मला जास्त खुपायची. मुलगी बरोबर असली तरी हा तिच्या बरोबर चालायचा नाही. ती पुढे, हा चार हात मागे, मोबाइल कानाला लावून. क्लासला सोडायला निघाला तरी तसंच, भाजीला गेले तरी तसंच. मी रजनीला म्हटलंसुद्धा, "मोठा माणूस झालाय ना तुझा नवरा, पोरीबरोबर चालायचं तर कमीपणा वाटतो." तिने ओढणी सारखी केली आणि लॅबला निघाली.

मग रविवारची मंडळी सुरू झाली. त्याच्यासारखेच सुटलेले चार-पाच पुरुष यायचे. एक विमा एजंट, एक कंपनीच्या बसचा ड्रायव्हर, एक तर प्राध्यापक. हॉलमध्ये गोल बसून एकेकाने आपली कर्मकथा सांगायची आणि मोबाइलवर चित्रण. पहिल्यांदा मला बोलावलं म्हणून गेले. जे ऐकलं त्याने अंगावर शिसारी आली. एक म्हणाला, मी बायकोला थोबाडीत मारायचो. ड्रायव्हर म्हणाला, थोबाडीत काय घेऊन बसलात, मी झाऱ्याने मारायचो, उजव्या हातावर. तिसऱ्याला वाटलं आपण मागे पडतोय, त्याने आईला ओढलं. चढाओढ हो! लग्नात जेवणाऱ्यांनी जिलब्यांची पैज लावावी तशी. आणि स्वयंपाकघरात रजनी आणि आणखी दोघांच्या बायका या सगळ्यांसाठी तर्री-पोहे करत होत्या. रजनीच्या हातात तेव्हा झाराच होता. ड्रायव्हरची बायको कांदा चिरता चिरता हळूच मला म्हणाली, "उजव्या हातावर नव्हतं मारलं. डाव्या. नेहमी चुकीचं सांगतात." आणि बशीत लिंबाच्या फोडी मांडायला लागली.

मी तशीच उठले. पोहे खाल्ले नाहीत. प्रफुल्ल दारापर्यंत आला, उजेडाकडे तोंड केलं आणि म्हणाला, "काकू, हे सगळं बाहेर पडायलाच पाहिजे. आत ठेवलं की माणूस परत पितो."

"बाहेर काढायचं असलं तर मोरीत काढ," मी म्हणाले. त्या दिवसापासून मी त्याला अरे-तुरे करायला लागले.

रजनीला मी एकदा स्पष्ट विचारलं. तिला भाजीवाली विचारत होती, लॅबमध्ये रक्त द्यायला आलेला माणूस बाही वर करता करता विचारत होता, "तुम्ही त्या व्हिडिओवाल्यांच्या मिसेस ना? ते दारूसाठी मंगळसूत्र विकल्याचं खरंय का हो?" मी म्हटलं, "तू बंद का नाही करायला लावत?"

ती म्हणाली, "काकू, प्यायचे तेव्हा निदान दार लावून घ्यायचे." मग म्हणाली, "पण ह्याच्यामुळे पीत नाहीत. हे काढून घेतलं आणि पुन्हा सुरू झाली तर? मी नाही काढून घेऊ शकत." आणि नेहमीसारखं पाण्याचं विचारून गेली.

आता गंमत बघा. दारुड्याला आपण काय केलं ते आठवत नसतं. बरं झालेल्या दारुड्याला तर ते मुळीच आठवत नसतं. चार-पाच वर्षांत प्रफुल्लच्या आठवणी संपल्या. दिवाण झाला, लिफ्ट झाली, मंगळसूत्र झालं. दारू का सुटली याची कारणंसुद्धा सांगून संपली. एका शुक्रवारी रजनीच्या अश्रूंमुळे सुटलेली असायची, दुसऱ्या शुक्रवारी साहेबांच्या एका वाक्यामुळे, तिसऱ्या शुक्रवारी गजानन महाराजांमुळे. मग याने काय करावं? दारोदार फिरायला लागला. हातात बाकरवडीचा पुडा, खिशात मोबाइल चालू. "म्हणजे कसं आहे ना, मी त्या काळात काय काय केलं ते जरा सांगता का? मला आठवत नाही."

भिक्षा मागावी तशी हा स्वतःची पापं मागत फिरायचा. आणि लोक देत होते! तळमजल्यावरच्यांनी कुंडी फोडल्याचं दिलं. समोरच्या इमारतीतल्यांनी गणपतीच्या वर्गणीवरून केलेलं भांडण दिलं. आमचा रखवालदार तर भलताच बेरकी. त्याने सांगितलं, "हाय की! एकदा पाण्याच्या टाकीवर चढून नाचला व्हता सायेब तुम्ही. निस्त्या बनियनवर. म्याच खाली उतरवला." तद्दन खोटं. टाकीची शिडी मोडून तेव्हा वर्ष झालं होतं. पण बाकरवडी त्याला आवडायची.

प्रफुल्लने टाकीचा व्हिडिओ केला. हुंदक्यांसकट. त्याच्या सगळ्या व्हिडिओंत तो सर्वांत जास्त चालला. न नाचलेल्या नाचाबद्दल हा माणूस गळा काढून माफी मागत होता आणि जग डोळे पुसत होतं.

वर आणखी ऐका. काही महिन्यांनी फाटकाशी एक पोरगेलासा माणूस आणि त्याची आई उभी. वाईकडून आले होते, हातात कंदी पेढे. प्रफुल्ल कामावर, म्हणून रखवालदाराने माझ्याकडे पाठवले. ती बाई म्हणाली, "टाकीवरचं बघितलं आन् ह्यो रडाया लागला. तवापासून दारूला शिवला न्हाई." मुलगा खाली मान घालून उभा होता. मी पेढे घेतले. काय सांगणार होते मी? टाकीला शिडीच नव्हती म्हणून? माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती बाई माझ्या पाया पडत होती.

माझ्याकडेही प्रफुल्ल आला बाकरवडी घेऊन. दिवाणावर बसला, या खेपेला बूट काढून. "काकू, तुम्ही सगळ्यात जवळून पाहिलंय. द्या ना काहीतरी. खरं सांगतो, स्टॉक संपत आलाय."

मी म्हणाले, "प्रफुल्ल, तू माझ्या दारात ओकलास ते मी पुसलं. पुसून टाकून दिलं. ते आता तुला परत कशाला पाहिजे?"

हसला. "तसं नाही हो काकू."

"तसंच आहे. उचल तो पुडा."

पुडा मी ठेवून घ्यायला हवा होता असं नंतर वाटलं, बाकरवड्या चांगल्या कुरकुरीत दिसत होत्या. पण तेव्हा राग फार आला होता.

त्याच दिवशी क्लासहून येताना समीक्षाने माझी बेल वाजवली. आता अकरावीत होती. अंगाने बापासारखी उंच, बोलायला आईसारखी तुटक. दारातच उभी राहिली. "काकू, पप्पा आले होते ना तुमच्याकडे?"

"आले होते. हात हलवत गेले."

"तुम्ही ते नाही ना सांगितलं? फाटकाजवळचं?"

सहा वर्षांत पहिल्यांदा आम्ही त्याचा उच्चार केला. मी तिला आत घेतलं, दार लावलं. म्हणाले, "कशाचं? मी दूध आणायला गेले होते. मला काही दिसलं नाही."

तिला रडू आलं. पण बापासारखं नाही, आवाज न करता. म्हणाली, "मला रोज भीती वाटते. त्यांना कळलं तर ते परत पितील. आणि नाही प्यायले तर व्हिडिओ करतील. 'माझी मुलगी मला म्हणाली, मी ओळखत नाही.' सगळं कॉलेज बघेल. यातलं जास्त वाईट काय, सांगा ना काकू."

 मी तिला गूळपोळी दिली. तिच्या पाठीवरून हात फिरवताना माझ्या मनात त्या माणसाबद्दल जे काही आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ज्या बापाच्या पिण्याला पोर भ्यायली, त्याच्याच न पिण्यालाही तिने भ्यावं! त्यानंतर दर शुक्रवारी मी तो व्हिडिओ बघायला लागले. मनापासून नाक मुरडत, पण शेवटपर्यंत. फाटक येतंय का तेवढं बघायचे. फाटक कधी आलं नाही. मला वाटलं, चला, बेशुद्धीचा हा एक तरी फायदा.

या सुटलेल्या लोकांत एक पद्धत असते. दारू सोडली त्या तारखेला वाढदिवस करतात. केक आणतात, आणि घरचं कोणीतरी उठून चार शब्द बोलतं. समीक्षा बारावीत असताना प्रफुल्लने तो वाढदिवस घरी मांडला, आणि सगळं मोबाइलवर थेट दाखवायचं ठरवलं. सोसायटीच्या खुर्च्या आल्या. मला पुढच्या रांगेत बसवलं, म्हाताऱ्या काकू म्हणून. रविवारची मंडळी इस्त्रीचे शर्ट घालून हजर. व्हिडिओसाठीचा तो गोल दिवा लावला, त्याच्या उजेडात केकवरचं क्रीमसुद्धा आजारी दिसत होतं.

रजनी दोन वाक्यं बोलली. मग प्राध्यापकांनी सूत्रं हातात घेतली. त्यांना तास घ्यायची सवय. म्हणाले, "आता आपली लेक बोलेल. बेटा, इथे सगळे आपलेच आहेत. किती लोक बघताहेत बघ. तू फक्त एकच सांग. पप्पांचा तुझ्यासाठी सगळ्यात वाईट दिवस कोणता?"

समीक्षा उभी राहिली.  तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की पोरगी आता सांगणार. इतकी वर्षं भीती बाळगून कंटाळली होती ती. तिने तोंड उघडलं, म्हणाली, "मी पाचवीत होते..."

आणि प्रफुल्लने मोबाइल स्टँडवरून उपटला. दिवा खाली पडला. "रेंज गेली," तो म्हणाला.

ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, माझ्या मोबाइलवर तर चालू दिसत होतं."

"गेली म्हणतो ना!" प्रफुल्ल ओरडला. "रेंज गेली. केक कापा." आणि मोबाइल बंद करून त्याने पँटच्या खिशात घातला. प्राध्यापक म्हणाले, थोडं थांबू, येईल रेंज. तो म्हणाला, "आज नाही येणार." समीक्षा तशीच उभी होती. रजनीने तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

मंडळी गेल्यावर तो माझी खुर्ची परत द्यायला आला. दारात ठेवली आणि जाईना. जिन्याचा दिवा त्याच्या पाठीमागे होता. तोंड दिसत नव्हतं, आणि त्याने ते उजेडाकडे वळवलंही नाही.

"काकू," तो म्हणाला, "ते मले आठवते."

"काय?"

"फाटकापाशी. डोळे उघडत नव्हते, पण कान चालू होते. दुधाच्या पिशवीचा आवाजही आला मले." त्याने खुर्चीची पाठ धरली. "बाकीचं सगळं तुमच्या सगळ्यांकडून गोळा केलेलं. तेवढं एकच माह्यं आहे. त्याच दिवशी रजनीले म्हटलं, मले कुठंतरी नेऊन टाक."

मी विचारलं, "मग इतकी वर्षं त्या पोरीला कधी बोलला का नाहीस?"

"काय बोलू? मी ऐकलं म्हणू? ते लेकरू तिथंच मरून जाईन न बाप्पा. ती बरोबरच बोलली. मी म्हणून तिच्यासंगं चालत नाही. कोणी विचारलं, कोण हाय तो, तं तिले नाही म्हणता आलं पाहिजे."

एवढं बोलून गेला. हुंदका नाही, काही नाही. मी दार लावलं. आता तुम्हाला वाटेल, माझं मन विरघळलं. छे! पुढच्याच शुक्रवारी त्याने तळमजल्यावरच्या कुंडीचा व्हिडिओ पुन्हा केला, रडण्यासकट, आणि माझ्या फोडणीला पुन्हा तीच शिसारी आली. एक गोष्ट झाकून ठेवली म्हणून बायकोच्या उघड्या टाकलेल्या शंभर गोष्टी झाकल्या जात नाहीत. रजनीला लॅबमध्ये लोक अजून मंगळसूत्राचंच विचारत होते.

पण समीक्षाला मी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी, गूळपोळी नसताना. "त्याने ऐकलं होतं तेव्हाच. आणि त्याने व्हिडिओ केला नाही, आणि दारू सोडली. तुझे दोन्ही अंदाज चुकले." ती बराच वेळ माझ्या तुळशीकडे बघत बसली. मग घरी गेली.

तिला नागपूरला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. रजनीला लॅबमधून सुटता येईना, म्हणून धपाटे बांधून मी नवले पुलाखाली बसपर्यंत गेले. समीक्षा आणि मी पुढे, प्रफुल्ल मोठी बॅग डोक्यावर घेऊन चार हात मागे, नेहमीसारखा. मोबाइल मात्र कानाला नव्हता. रात्रीची वेळ, पुलाखाली ही गर्दी, बसवाले गावांची नावं ओरडतायत, हॉर्न वाजतायत. समीक्षा पायरीवर चढली. हा बॅग घेऊन मागोमाग आला, तर बसवाल्याने हात आडवा घातला.

"ओ, तुम्ही कुठे? एकच सीट आहे." आणि समीक्षाकडे वळून, "मॅडम, हे कोण? तुमच्यासोबत आहेत का?"

प्रफुल्ल तिथेच थांबला. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने, रस्त्याकडे बघत उभा राहिला. तिला हवं ते म्हणता यावं म्हणून.

"माझे वडील आहेत," समीक्षा म्हणाली. "येऊ द्या त्यांना वर." मग त्याला म्हणाली, "पप्पा, या ना. किती वेळ उभे राहताय?"

तो वर गेला. बॅग ठेवली. खाली उतरला तेव्हा बस हलली होती. माझ्या शेजारी उभा राहून हॉटेलच्या उजेडाकडे पाठ करून त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"ऐकलं ना काकू तुम्ही?"

"ऐकलं," मी म्हणाले. "व्हिडिओत घालशील तर याद राख."

"नाही घालत," तो म्हणाला. "हे नाही घालत."

त्याच वर्षी ते हिंजवडीच्या बाजूला राहायला गेले. जागा कंपनीजवळ पाहिजे म्हणे. डक्टमधून आता शेजारच्या नव्या लोकांच्या मिक्सरचा आवाज येतो. प्रफुल्लचं चॅनेल चालूच आहे, केस पांढरे झालेत, हुंदका मात्र त्याच शब्दावर येतो. टाकीवरचा नाचही अजून अधूनमधून होतो. मला ते बघवत नाही.

तरी दर शुक्रवारी मी चष्मा लावून बसते आणि शेवटच्या वाक्यापर्यंत बघते. अजून तरी त्यात बस आलेली नाही.